त्याला ठाऊक नसलेली जागा

४ मार्च, मंगळवार

—पिस्तूल काढताना पुन्हा शर्ट अडकला. ते रिकामं होतं म्हणून बरं. व्हर्ना घड्याळ धरून समोर उभी. तुरुंगात पहारा करण्यात आयुष्य गेलेली बाई, आता नेमबाजीच्या मैदानावर आम्हा बायकांना शिकवते. "मेलीस," एवढंच म्हणाली.

उजव्या कमरेवरून मी डोळे मिटूनही काढते. पण ती सवय नवऱ्याने, रॉयसने लावली. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, मागच्या कुरणात, कुंपणावर डबे मांडून. माझा हात कुठे जातो, त्याआधी खांदा कसा हलतो — सगळं त्याला ठाऊक. त्याला ठाऊक नसलेली जागा हवी.

मला मारल्याच्या खटल्यात तो जामिनावर सुटलाय. माझ्याजवळ यायचं नाही असा हुकूम मिळाला तर वीस तारखेच्या सुनावणीत मिळेल. तोवर मोकळा!

६ मार्च

घोट्यापाशी बांधून पाहिलं. वाकेपर्यंत माणूस अंगावर येतो. व्हर्नाने येऊनच दाखवलं. गुडघा फुटला माझा.

पर्समध्ये? "आधी पर्स हिसकावेल. मग पिस्तूल त्याचं, आणि तुझी लिपस्टिकसुद्धा."

काखेत — दुकानात दिवसभर चाऱ्याची पोती उचलते मी. पट्टा काचतो. शिवाय हात छातीवरून आडवा न्यायचा; तो मनगट धरेल. तो मनगटच धरतो.

८ मार्च

शेवटी पोटावर, बक्कलच्या जरा उजवीकडे. हात चटकन पोचतो. गचांडी धरली तरी काढता येतं. पण नळी मांडीकडे! ट्रकमध्ये बसले की घाम फुटतो.

"काढताना घाई कर," व्हर्ना म्हणाली. "परत ठेवताना कसली घाई? आधी शर्ट बाजूला, मग डोळ्यांनी बघ, मग ठेव. बायका स्वतःला गोळी घालून घेतात ती ठेवतानाच. पुरुषही. पुरुष सांगत नाहीत."

हसले. पुष्कळ दिवसांनी.

१० मार्च

मालक हॉइट गल्ल्यावरून ओरडला, "काय गं ट्विला, घोड्यांचं खाणं तूच खातेस वाटतं! पोट सुटलंय." गिऱ्हाईकं हसली. मग त्याने नीट पाहिलं नि हसू मावळलं. मागच्या दाराला कडी घालून आला.

१२ मार्च

दुकानासमोरून पांढरी पिकअप हळू गेली. रॉयसची नव्हती. तरी जेवण गेलं नाही.

१६ मार्च, रविवार

लिहिते.

चर्चमध्ये पास्टरनी शेवटचं गाणं सुरू केलं. "पापाची कबुली द्यायला कुणाला पुढे यायचंय का?" आणि मधल्या वाटेने रॉयस आला. तो आत आहे हेही मला माहीत नव्हतं! वेदीपाशी गुडघे टेकले. ढसाढसा रडला. "मी पापी आहे, बायकोवर हात टाकला." पुढच्या ओळीतल्या बायका डोळे पुसू लागल्या.

"ट्विलाताई, पुढे या," पास्टर म्हणाले. "देवाने जवळ केलं, आपण कोण नाही म्हणणार?"

सगळे वळून बघत होते. गेले. का गेले?

आमच्याकडे जवळ पिस्तूल असलेली माणसं कडेने मिठी मारतात, खांद्याला खांदा लावून, लोखंड दुसऱ्याला टोचू नये म्हणून. रॉयसने समोरून मारली. घट्ट. त्याचा हात आधी माझ्या उजव्या कमरेवर उतरला. तिथे काही नव्हतं. मग त्याने पोट पोटाला दाबलं.

"समोर?" कानाशी म्हणाला. "शहाणी झालीस गं."

"आमेन!" सगळं चर्च म्हणालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी

व्हर्नाला फोन केला. आता कुठे ठेवू?

"बहिणीकडे जा."

"मग हे सगळं कशाला शिकवलंस?"

"पळायला जागाच उरली नाही तर म्हणून. तुला आहे अजून."

चिडले. माझं घर मी का सोडू! पडदे मी शिवलेत. मग नदीनला फोन केला. बहिणीने कारण विचारलंच नाही. "चहा टाक, येतेच," म्हणाली, आणि आलीही. माझा ट्रक अंगणातच राहू दिला. तिच्याच गाडीतून निघालो.

१७ मार्च, सोमवार

आर्डमोर, नदीनकडे. सकाळी शेरीफच्या डेप्युटीचा फोन. घराचं मागचं दार फोडलंय. रॉयसने दिवासुद्धा लावला नाही, अंधारातच पलंगावर गोळ्या झाडल्या. पाच. सगळ्या माझ्या बाजूला. तो पेट्रोलपंपावर कॉफी पिताना पोलिसांना सापडला. नदीनने अंडी केली. खाल्ली.