पुदिन्याची हजामत

५ फेब्रुवारी

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे, पुदिना नाही. तुझ्या आईने लावलेली कुंडी एकटी पडू नये म्हणून दुकानात आरशापाशी आणून ठेवली. गिऱ्हाइकाचे केस भिजवले की तिलाही दोन फवारे मारतो. तरी पानांखाली केशरी पुटकुळ्या आल्या. एका गिऱ्हाइकाने कोंड्याचं तेल सुचवलंय. तू रोपवाटिकेत कामाला, म्हणून आधी तुला विचारतो. आईच्या हातची तेवढीच उरली आहे. ती जाता कामा नये.

तुझा बाबा

१२ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तेल नको. हा तांबेरा, बुरशीचा रोग. पानं ओली राहिली की फोफावतो, म्हणजे तुमचे लाडच भोवले. फवारे बंद. पाणी सकाळी, तेही बुडाशी आणि माती कोरडी लागली तरच. कुंडी खिडकीत हलवा, वारा लागू दे. मुख्य म्हणजे सगळा पुदिना मातीलगत कापून कचऱ्यात टाका, कात्री उकळा. मुळं जिवंत असली की पुन्हा फुटतो. जन्मभर लोकांची डोकी भादरलीत, हे काय जड आहे?

लोभ आहेच, तो फवारू नये.

ठमी

२० फेब्रुवारी

चि. ठमीस आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझी बिनपाण्याने झाली. कात्री उकळायला मला शिकवू नकोस. बाकी सगळं केलं, कापलं तेवढं नाही. औषधांनी तुझ्या आईचे केस गळू लागले तेव्हा मशीन मीच फिरवली होती. पुन्हा येतील, असंही मीच म्हणालो होतो. मला भीती वाटते, ठमे.

बाबा

२६ फेब्रुवारी

ती. बाबांस सा. न.

तेव्हा आई मला म्हणाली होती, येतील न येतील, पण टक्कल सुबक केलंय हो तुझ्या बाबांनी. रविवारी येते. मी कापेन, तुम्ही नुसता टॉवेल धरा.

ठमी

१९ मार्च

चि. ठमीस,

तू डावीकडे वाकडं कापलं होतंस. तू गेल्यावर मी सारखं केलं. नंतर नुसतीच माती दिसायची. गिऱ्हाइकं विचारायची काय पेरलंय, मी विषय बदलायचो. आज कोंब दिसले. पानं उलटून पाहिली, स्वच्छ आहेत. खुर्चीत एकजण साबण लावून बसलाय, त्याला तसाच ठेवून लिहितोय. खरं तर तुझ्या आईला सांगायचं होतं.

आले, ठमे. पुन्हा आले.

बाबा