शून्य कचरा, इमारत क्रमांक चार

३ जानेवारी, सकाळी ७.१०
माणसाला निसर्गाने दोनच हात दिले, हे नगरपालिकेला कोणीतरी कळवायला हवं. घरोघर वाटलेल्या हिरव्या डब्याचं झाकण धरून ठेवल्याशिवाय उघडं राहत नाही. एक हात झाकणाला, एक पिशवीला, नाक कशाने धरायचं? करदात्याच्या नाकाला वाली नाही. लेखी तक्रार करणार. ही म्हणाली, श्वास रोखा. हिला तत्त्वाचा प्रश्न कधी कळलाच नाही.

४ जानेवारी
वॉर्ड ऑफिसात तक्रार करायला गेलो आणि पद घेऊन आलो. निरीक्षक म्हणाला, असे जागरूक नागरिक आता राहिलेत कुठे, आणि एक फॉर्म पुढे केला. सही केल्यावर वाचला. मी आता इमारतीचा 'कचरा समन्वयक'. ओला-सुका वेगळा करायची योजना. रहिवाशांनी दोन महिने स्वतः शंभर टक्के वर्गीकरण केलं तर 'शून्य कचरा' पाटी, घरपट्टीत सूट आणि समारंभ. झाकणाबद्दल विचारायचं राहिलं.

६ जानेवारी
जिन्याखाली नोटीस लावली. चौदा नियम, तीन रंगांत. समोरच्या फ्लॅटमधल्या गृहस्थांनी (यांना मी मनात 'आक्षेप' म्हणतो) लगेच विचारलं, चहाची पिशवी कुठे टाकायची? चहा ओला, दोरा सुका, पिन लोखंडाची. म्हटलं, समिती ठरवेल. समितीत कोण कोण आहे म्हणाले. मी.

१५ जानेवारी
अद्भुत! निरीक्षकाने अचानक सोळा पिशव्या उघडल्या. सोळाच्या सोळा स्वच्छ. नऊ दिवसांत माणसाचा स्वभाव बदलता येतो, फक्त नोटीस नेमकी हवी. हिला सांगितलं. ही म्हणाली, एकदा सकाळी साडेपाचला तळघरात जाऊन बघा. माझा गुडघा आणि पहाट यांचं जमत नाही.

२२ जानेवारी
पाण्याच्या पंपाचा आवाज आला म्हणून नाइलाजाने पहाटे तळघरात उतरलो. कचरावाल्या मावशी ताडपत्रीवर अख्ख्या इमारतीचा कचरा उपसून बसल्या होत्या. साली एकीकडे, बाटल्या दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. अकरा वर्षं इथे आहेत म्हणे. मी समजून गेलो: फेरतपासणी. रहिवाशांच्या कामावर दुसरी नजर असलेली बरी.

त्यांना सगळ्यांचं सगळं ठाऊक. आक्षेपांचा मुलगा नापास झाला, निकालपत्राचे तुकडे त्यांनीच गोळा केले. मला म्हणाल्या, काका, थोटकं कागदात गुंडाळता ते बरं, पण कागद सुटतो. त्या कशाबद्दल बोलत होत्या कळलं नाही. सिगारेट मी एक तारखेलाच सोडली.

मी वर निघालो तेव्हा म्हणाल्या, एप्रिलमध्ये आमची पक्क्या नोकरीची यादी लागणार, तुमच्या अहवालात दोन ओळी लिहा, की इथलं काम मी करते. म्हटलं, दोन काय, चार लिहितो.

१ मार्च
अहवाल भरला. रकाना सात: वर्गीकरण कोण करते? रहिवासी की कामगार? 'कामगार' वर खूण केली तर पाटी नाही. 'रहिवासी' वर केली. तत्त्वतः खरंच आहे, कचरा रहिवाशांचाच. रकाना आठ: कामगाराची गरज? 'नाही' लिहिलं, म्हणजे सातशी जुळलं. मावशींच्या चार ओळींसाठी मागे जागा होती, पण तिथे निरीक्षकाचा शिक्का आला. पुढच्या अहवालात नक्की.

९ मार्च
पाटी मिळणार! पत्र आलं. पंधराला समारंभ. भाषण करायचं आहे.

संध्याकाळी वॉचमनने सांगितलं, मावशी उद्यापासून येणार नाहीत. गरज नाही म्हणून त्यांची इथली जागा रद्द, यादीतून नाव गेलं. गावाबाहेरच्या छाननी केंद्रावर कंत्राटदाराकडे रोजंदारीवर पाठवलंय. कागदावर कोणाची तरी सही आहे म्हणाला. 'कोणाची तरी' म्हणताना त्याने माझ्याकडे बघायची गरज नव्हती.

१० मार्च
हरकत नोंदवायची मुदत वीस तारखेपर्यंत. म्हणजे भरपूर. दुरुस्तीचं पत्र देणार: रकाना सात आणि आठमध्ये नजरचूक. आजच मसुदा केला. उत्तम उतरलाय.

११ मार्च
पत्र दिलं की पाटी जाणार. आक्षेप काय म्हणतील ते ऐकू यायला लागलं. शिवाय निमंत्रणं छापून झालीत. समारंभानंतर देणं सभ्यपणाचं. पंधरा आणि वीसमध्ये पाच दिवस आहेत.

१५ मार्च
भाषण चांगलं झालं. दोनदा टाळ्या. 'प्रत्येक घराने आपला कचरा आपल्या हाताने' या वाक्यावर वॉचमन खोकला. फोटोत पाटी माझ्या तोंडापुढे आली आहे.

१६ मार्च
थकवा.

१७ मार्च
प्रिंटरची शाई संपली.

१८ मार्च
शाई आणली. दुसऱ्याच प्रिंटरची निघाली. ही म्हणाली, हाताने लिहा, मी लिहून देते. म्हटलं, सरकारी पत्राला एक भाषा असते. ही म्हणाली, ती अकरा वर्षं हाताने करत होती ना?

१९ मार्च
तळघरात वास येतोय. गाडीने आपल्या पिशव्या नाकारल्या: ओलं-सुकं एकत्र. चौदा नियम अजून भिंतीवर आहेत, कोणीतरी त्यांच्यावर पेनाने मिश्या काढल्यात. चहाच्या पिशव्या सगळीकडे.

२० मार्च
पत्र तयार. निघणारच होतो, तेवढ्यात आक्षेप वासाबद्दल भांडायला आले ते पाच वाजेपर्यंत. ऑफिस पाचला बंद होतं. यात माझा दोष कुठला?

२१ मार्च
पत्र दिलं. कारकुनाने घेतलं, शिक्का मारला आणि शिक्क्याखाली लिहिलं: मुदतीनंतर प्राप्त. म्हटलं, एकच दिवस. म्हणाला, साहेब, एक दिवस असो की वर्ष, रकाना एकच आहे. पण पोच मिळाली. पोच असणं महत्त्वाचं.

हिला पोच दाखवली. हिने ती दोन्ही बाजूंनी वाचली आणि म्हणाली, ही तिला नेऊन दाखवा.

२७ मार्च
दोन बस बदलून छाननी केंद्रावर गेलो. पत्र्याची मोठी शेड, मध्ये सरकता पट्टा, दोन्ही बाजूंना बायका. पट्टा थांबत नाही, म्हणून बायकाही थांबत नाहीत. गेटवाल्याने अडवलं: हातमोजे असल्याशिवाय आत सोडत नाही. मी पोच दाखवली. पोच घालून आत जाता येत नाही म्हणाला.

तेवढ्यात जेवणाची सुट्टी झाली, मावशी बाहेर आल्या. मला बघून हसल्या, हे मी मुद्दाम नोंदवतो. स्वतःचे हातमोजे काढून मला दिले. घाला काका, नाहीतर हा सोडायचा नाही.

आत त्यांनी एक पिशवी ओढून दाखवली; नाकारलेल्या पिशव्या शेवटी इथेच येतात. म्हणाल्या, ही आपली. 'आपली' म्हणाल्या. ओळखीची गाठ आहे, तुमची. मग हळूच म्हणाल्या, काका, इन्सुलिनच्या सुया मोकळ्या टाकू नका. तिथे होते तेव्हा मी डब्यात वेगळ्या काढायचे. इथे पट्टा पळतो, दिसत नाही. म्हटलं, आजपासून टोपण लावतो. नियम पंधरावा करतो.

पत्राचं सांगितलं. पोच दाखवली. त्यांना वाचता येत नाही. विचारलं, तारखेच्या आत दिलंत ना? मी म्हटलं, दिलं. तेवढं विचारून त्या नुसतं बरं म्हणाल्या. घरी सांगते म्हणाल्या, आज सगळी वाट बघत असतील. भोंगा झाला, त्या पट्ट्याकडे धावल्या. मी बसकडे.

घरी आल्यावर खिशात हात घातला तर हातमोजे. जाड, नारिंगी, उजव्याच्या अंगठ्याला दोऱ्याने टाके. ही हातमोज्यांकडे बघत राहिली. म्हणाली, मग तिने दुपारभर काय घातलं?

म्हटलं, त्यांच्याकडे असतील दुसरे. एवढं मोठं केंद्र.

२८ मार्च
हातमोजे साबणाने धुतले. आतून उलटे करून वाळवले. पहिली बस पकडली. गुडघ्याने काही म्हटलं नाही.

गेटवाला म्हणाला, ती आज नाही. काल दुपारी पट्ट्यावर तळहातात सुई गेली, आरपार. हॉस्पिटलात रक्त तपासायला दिलंय, महिन्याने परत तपासणार, मग तीन महिन्यांनी. तोवर कंत्राटदार कामावर घेत नाही. उघड्या हाताने काम केलं, तिचीच चूक म्हणतो. मी विचारलं, सुई कुठल्या इमारतीतली? तो म्हणाला, पट्ट्यावर आल्यावर इमारत नसते, साहेब.

हातमोजे पुढे केले. त्याने नंबर बघितला. प्रत्येकीला एकच जोड मिळतो, हरवला तर पगारातून कापतात. तिच्या नावावर कापायचा आकडा लिहिला होता. तो आकडा त्याने खोडला आणि वही माझ्याकडे फिरवली.

'कोणी आणून दिले' या रकान्यात मी माझं पूर्ण नाव लिहिलं. इमारत क्रमांक चार. तारीख घातली, आजचीच. हातमोजे, एक जोड, परत. सही केली.