रुईचा खोकला

२ मार्च १९३८

अर्जाला फी नाही, असं लंडनच्या छापील पुस्तकात लिहिलंय. फुकट! खरा हिशेब असा — दाखल्यांच्या नकला टाइप करून, सही-शिक्क्यासकट, साडेतीन रुपये. सही लवकर व्हावी म्हणून कचेरीतल्या शिपायाला आठ आणे. नवलचे फोटो, दोन रुपये. फोटोत अंगावर कोट हवा, म्हणून कोट — चौदा. तो महिन्याभरात सैल पडला, मेहबूब शिंप्याने आवळून दिला, सहा आणे. विलायतेचं टपाल दहा आणे. बेरीज एकवीस. गणपतीचे मोदकच!

मेहबूब टाचण्या तोंडात धरून म्हणाला होता, "नवलभाई तो सूख गये, सेठ. पढ़ाई आदमी को खाती है." खाऊ दे. आज पत्र आलं. जागा मिळाली! ऑक्टोबरात हजर व्हा, दोन वर्षांच्या पैशांची तजवीज जूनच्या आत लेखी कळवा. विषय — खानदेशचा कापूसबाजार. ज्या बाजारात बापाने पाठीवर गाठोडी वाहिली, त्या बाजारावर लेक पीएच. डी. करणार.

दगूला सांगितलं, तुझा मुलगा डॉक्टर होऊन येणार. नाडी बघणारा नव्हे हो. ती म्हणाली, "मंग कसाना डॉक्टर?" आणि पदर तोंडाला लावून आत गेली. आनंद झाला की रडते, जुनी खोड.

४ मार्च

सात हजार लागतील. माझ्याकडे तीन. कापसातली सरकी काढायचं जिन आहे खरं, पण निम्मं भागीदाराचं आणि उरलेल्यावर बँकेचा हात. बाकीचे चार तापीकाठ विद्यार्थी फंडाकडून. बिनव्याजी कर्ज, वर्षाला एकाच मुलाला. अध्यक्ष करणसिंगबापू, पेन्शनीतले मामलेदार.

यंदा अर्ज दोन. दुसरा भिला. आमच्याच जिनमध्ये कापूस निवडणाऱ्या छबूबाईचा मुलगा. बाप नाही. रसायनात एम. एस्सी., पहिला वर्ग. मँचेस्टरहून पत्र आलंय त्याला. हंगामात माझ्याकडेच रुई, सरकी काढलेला कापूस, तोलतो, नोकरी मीच दिली. मुलगा गुणी आहे. हेच वाईट.

७ मार्च

बापूंच्या ओट्यावर जोड्याचा बंद बांधायला वाकलो. बंद पुष्कळ वेळ बांधला. आत कमिटी. बापूंचा आवाज — "हुशार छबूबाईचंच पोरगं. मगनचा नवल चांगला आहे, पण मगनकडे जिन आहे."

बंद सुटलेलाच नव्हता.

कान हीच माझी इस्टेट. नऊ वर्षांचा होतो तेव्हा जिनमधल्या चरख्यांना, सरकी काढणाऱ्या यंत्रांना, तेल घालायचो. अठ्ठावीस चरखे, सगळे एकदम खडखडत. फाटकाबाहेर दीडशे पावलांवर उभं राहून मिस्तरीला सांगितलं, डावीकडून सहावा, त्याचा पट्टा सुटणार. मिस्तरी हसला. जेवणाच्या सुट्टीआधी सुटला! त्या दिवशी पगार वाढला, आणि तिथून आजपर्यंत मी कानाच्या जोरावर चढत आलो. लिलावात दलाल आपसांत काय कुजबुजतात ते आधी ऐकतो, मग बोली लावतो. लोक म्हणतात, मगनचं नशीब.

१२ मार्च

भिला खोकतो. तोलकाट्यापाशी आज दहा मिनिटं उभा राहून ऐकलं.

जिनमध्ये खोकले दोन. एक रुईचा — कोरडा, वरच्यावर, घशात कुसळ अडकल्यासारखा. सुट्टीनंतर कामावर आलं की जास्त, घरी बसलं की नाहीसा. दुसरा खालून येतो. ओला. आणि तो संपला की माणूस क्षणभर गप्प राहतो, काहीतरी मोजल्यासारखा. या दुसऱ्या खोकल्याची पाच माणसं मी जाताना पाहिली. पाचही वैद्याआधी मी ओळखली होती.

भिलाचा सोळा आणे रुईचा.

१७ मार्च. धुळवड

बापूंकडे रंगाला गेलो. मंडळी डोंगरातल्या काठी गावच्या होळीच्या गोष्टी सांगत होती, ढोल किती, घुंगरं किती. मी बापूंच्या शेजारी बसलो. आगबोटीच्या गोष्टी काढल्या. खालच्या वर्गात एका खोलीत चारचार जण, हवा नाही, अठरा-वीस दिवस. "भिलाला जपायला सांगा, बापू. छाती नाजूक वाटते."

बापूंनी गुलाल पुसला. "खोकतो का?"

"रोज ऐकतो."

"कसला वाटतो?"

"मी काय डॉक्टर आहे!" म्हटलं, आणि हसलो.

खोटं एक अक्षर बोललो नाही. ही रोजनिशी काढून कोणी शपथेवर वाचावी.

१९ मार्च

भिलाला क्षय — ही बातमी गावभर व्हायला दोन दिवस लागले. मला वाटलं होतं चार.

२४ मार्च

बायका छबूबाईजवळ बसून कापूस निवडायला तयार नाहीत. मालक म्हणून काय करणार? तिला म्हटलं, चार दिवस घरी बस. भिलालाही. रोजी बंद.

संध्याकाळी ओट्यावर आली. उभीच. "शेठ, पानी भराले गऊ तं बायास्नी मन्हा हंडा बाजूले सारी दिना." विहिरीवर! मी म्हटलं, बाई, लोक वेडे असतात. बस, चहा घे. बसली नाही.

"तुम्हले खोकला कळस, अख्खा गाव म्हनस. मन्हा पोऱ्याना खोकला रुईना शे. तुम्हीच बापूसले सांगा ना. तुम्हना शबद त्या ऐकतीन."

"सांगतो," म्हटलं.

ती माझ्या पाया पडली. दगू दारात उभी होती. ती छबूबाईला फाटकापर्यंत पोचवायला गेली, आणि तिथे दोघी किती वेळ उभ्या होत्या! दगूचा हात तिच्या खांद्यावर. मला ऐकू आलं नाही. वारा उलटा होता.

२६ मार्च

नाही सांगितलं.

३० मार्च

एक चूक झाली. भिलाला घरी बसवायला नको होतं. रुईचा खोकला जिन सोडल्यावर आठ दिवसांत जातो. आज बाजारात दिसला — उसाच्या गाड्याशी उभा, कोणाशी तरी भांडत. गाडेवाला त्याला रुपया सुट्टा करून देत नव्हता, नाणं हातात घ्यायला नको म्हणून. अर्धा तास तावातावाने बोलला पोरगा. एकदाही खोकला नाही.

३ एप्रिल

कमिटी बसली. मला वाटलं होतं, भिलाचं नाव खोडतील आणि उठतील. बापू मामलेदारच! म्हणाले, "दोघांनाही मुंबईला पाठवायचं. छातीचा क्ष-किरण फोटो. खर्च फंडाचा."

मी म्हटलं, "नवलला कशाला, बापू? फंडाचा पैसा वाया."

"मगन, एकालाच पाठवलं तर तो आरोप होतो. दोघांना पाठवलं तर नियम होतो."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. सगळ्यांत जोरात. नवलला काय होणार आहे! आणि मुंबईचे डॉक्टर, बंद बाटलीतही रोग दाखवतात. भिलात काहीतरी सापडेलच.

५ एप्रिल

नवल जायला तयार नाही! जेवताना म्हणाला, "नाना, भिलालाच देऊन टाका. त्याचं काम माझ्यापेक्षा मोठं आहे." स्वतःचं ताट, स्वतःचा पेला घेऊन दूर बसला होता. मुंबईच्या वसतिगृहातली साहेबी सवय.

तोंड सुटलं माझं. म्हटलं, तुझ्या वयात मी तेलाच्या डब्यावर डोकं ठेवून झोपलो, तुला कोट शिवला, आणि तुला दया सुचते? दया हा श्रीमंतांचा धंदा आहे, आपला नाही. छबूबाईच्या पोराला घाबरलास? बायल्या!

दगू मध्ये पडली. "ऱ्हाऊ द्या ना. ऱ्हाऊ द्या हो."

तिलाही सुनावलं. तूच बिघडवलास, हळदीचं दूध पाजून पाजून.

नवल उठून कोठीकडे गेला. परसातल्या कापसाच्या कोठीत निजतो तो दिवाळीपासून. भाव चढेपर्यंत ठेवलेला कापूस आढ्याला टेकलाय, मधल्या बोळात त्याची खाट आणि पुस्तकं. अभ्यासाला शांत लागतं म्हणाला. शांत खरंच. कापूस आवाज गिळतो. सहा वर्षांमागे एक हमाल जिनमध्ये ढिगाखाली सापडला, दाराशी बसलेल्या पहारेकऱ्याला त्याची हाक आली नाही.

९ एप्रिल

दोघे एकाच गाडीने गेले. सुरतेला बदलून मुंबई. स्टेशनावर नवलची ट्रंक भिलाने उचलली. नवलने उचलू दिली. मला आवडलं — साहेब आणि हमाल, कोण कोण ते दिसलं चारचौघांत! छबूबाई लांब, नळापाशी उभी. लोकांनी तिच्याभोवती जागा सोडली होती. गाडी हलली तेव्हा दगू चालत तिच्याजवळ गेली आणि शेजारी उभी राहिली. घरी आल्यावर विचारलं, हे काय? म्हणाली, "दोन्ही मायाच शेतस ना." दोघी आयाच, म्हणे.

१४ एप्रिल

परत आले. कागद टपालाने बापूंकडे येणार. नवल माझ्याशी नीट बोलत नाही. येताना गाडीत काय बोलणं झालं कोणास ठाऊक, भिला त्याला सोडायला घरापर्यंत आला. ओट्याखाली उभा राहिला. त्याने मला नमस्कार केला. फार खालून केला.

१७ एप्रिल

कमिटीच्या लोकांना द्यायला सुरतेहून घारीची मिठाई मागवली.

२१ एप्रिल

बापूंनी सर्वांसमोर पाकीट फोडलं. आधी भिलाचा कागद. छाती स्वच्छ, प्रवासास योग्य. वाचून बापूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "वा! आईचं नशीब!" आणि टाळी वाजवली. एकट्यानेच.

मग नवलचा. बापूंनी मनातच वाचला. चष्मा काढला. पुन्हा लावला. मग मराठीत सांगितला, हळू, कचेरीत शिक्षा सांगतात तसा. उजव्या फुप्फुसात वरती क्षयाचं भोक. डावीकडे सुरुवात. जुनं आहे. आगबोट बंद, अभ्यास बंद, ताबडतोब डोंगरावरच्या इस्पितळात हलवा.

मी म्हणालो, कागद अदलाबदल झाले. मोठ्याने म्हणालो. नावं नीट बघा! खोकणारा तो आहे, अख्ख्या गावाला माहीत आहे!

"गावाला कुणी सांगितलं, मगन?" बापूंनी विचारलं. आवाज चढवला नाही.

घारी डब्यातच राहिली.

त्याच दिवशी, संध्याकाळी

दगूला माहीत होतं. "दिवाळीपाईन," म्हणाली. रक्त संक्रांतीला पडलं. तिला त्याने शपथ घातली होती — नानांना सांगायचं नाही, नानांचं लंडन मोडेल. नानांचं! छबूबाईला फाटकापाशी तिने हेच सांगितलं होतं. छबूबाई महिनाभर सगळं पोटात घेऊन गप्प राहिली. बायका हंडा सारत होत्या तेव्हाही.

मी दगूवर ओरडलो. एका घरात, सहा महिने, आणि मला कळू दिलं नाही?

ती भांडी घासत होती. वर पाहिलं नाही. "तुम्हना कान तिखा. म्हनूनच तं तो कोठीमा निजे."

२३ एप्रिल

फंडाचे चार हजार भिलाला. नवलने त्याला कोट देऊन टाकला. मेहबूबला म्हणाला, आवळलेलं उसवून दे, याचे खांदे रुंद आहेत. मेहबूबने उसवायचे पैसे घेतले नाहीत.

छबूबाईला कामावर बोलावणं पाठवलं. आली नाही.

२७ एप्रिल

इस्पितळासाठी कोठीतला कापूस पडत्या भावात काढला. गाड्या दुपारी गेल्या. कोठी रिकामी झाली, नवलची खाट तेवढी राहिली. रात्री घरात माझ्या खाटेवर पडलो आणि कोठीतून ऐकू आलं. पहिल्यांदा. खालून येणारा, ओला. मग ती शांतता.

उठून मोजलं. माझ्या खाटेपासून कोठीच्या दारापर्यंत अकरा पावलं.