पाव्हणे रविवारी येणार होते

झरी, ता. परभणी
कोजागिरीचा दुसरा दिवस

चि. आदिनाथ यास,

झरीहून तुझ्या भुजंगमामाचा, तू घेशील तेवढा आशीर्वाद. उरलेला पाकिटात तसाच राहू दे, कवा तरी कामाला येईल. तुझी तब्येत बरी असंल असं धरून चालतो, कारण इचारायला दुसरा रस्ता न्हाई. तुनं माझा नंबर बंद केलास, तुझ्या मामीचा केलास, अन् म्या शेजारच्या चंद्रभानच्या फोनवरून लावला तर नुसता 'हॅलो' ऐकून त्याचाबी बंद केलास. (चंद्रभानचा काय गुन्हा? तो बिचारा तुला रोज सकाळी फुलांचे फोटो पाठवायचा, ते आता मला पाठवायलाय.) मनून शेवटी पोस्टात गेलो. साधं पाकीट मागितलं तर तिथली बाई मनली, काका, राखी हाय का नोटीस? या दोन गोष्टी सोडून माणसं आता पोस्टात येत न्हाईत मने. मी मनलो, माफीनामा हाय. तिनं डिंकाची बाटली पुढं सरकवली.

इकडं सगळे खुशाल हायेत असं लिहायची रीत हाय मनून लिहितो. तुझी मामी धुरपता खुशाल हाय, फक्त माझ्याशी बोलत न्हाई. ताट वाढती अन् भिंतीला सांगती की जेवण झालंय. तुझी माय, आमची कासाआक्का, देवगाव फाट्याला तिच्या शेळ्यांत खुशाल हाय, तीबी बोलत न्हाई. दसऱ्याला मी मुद्दाम गाडी काढून सोनं द्यायला गेलो. तिनं माझ्या हातातलं सोनं घेतलं, शेळीला खाऊ घातलं अन् आत निघून गेली. (शेळीनं आवडीनं खाल्लं. पाया कुणाच्या पडावं मला कळंना.) वेल्डिंगचं दुकानबी खुशाल हाय, उघडायला तेवढा उशीर व्हायलाय. परवा जिंतूर रोडनं उसानं भरलेली एक ट्रॉली गेली अन् मी लांबूनच जोडाचा टाका ओळखला. तुझा होता. पार वळणाआड जाईपर्यंत बघत बसलो.

आता झालं ते सांगतो. तुला माझ्याकडून ऐकायचं न्हाई, पण चार कागद आणलेत अन् ते भरल्याशिवाय मला बी चैन पडणार न्हाई. सुरुवात त्या अनुभवाच्या दाखल्यापासून झाली. ऑस्ट्रेलियावाल्यांना नोकरीच्या अर्जासोबत द्यायचा मनून तू परभणीहून टाईप करून आणलास अन् मनलास, मामा, सही करा. मी मनलो, आधी मराठी करून वाच. तू वाचत गेलास अन् मला वाटायला लागलं की हे दुसऱ्याच कुणाचं दुकान हाय. त्यात लिहिलं होतं की आदिनाथ इथं सात वर्सं वेल्डर हाय, नकाशा बघून काम करतो, सुरक्षेची साधनं वापरतो. (नकाशा मंजे गिऱ्हाईक मातीत काडीनं ट्रॉलीचं चित्र काढतंय तो. सुरक्षेचं साधन मंजे तुझ्या मामीचं जुनं लुगडं, तू तोंडाला गुंडाळायचास ते.) पण खरं सांगू, त्यात खोटं अक्षर नव्हतं. सात वर्सं सकाळी साताला शटर तुनं उघडलंस, अन् आदिनाथचा टाका सुटला मनून एक माणूस माघारी आला न्हाई. म्या सही केली. शिक्का मारला. तो उलटा लागला मनून परत मारला. आमचं पोरगं ऑस्ट्रेलियाला वेल्डर मनून जायलंय, हे देवगाव फाट्यापासून जिंतूरपर्यंत ज्याला कळायचं राहिलं होतं त्याला मी शोधून काढून सांगत होतो, हेबी तुला ठाऊक हाय.

त्याच हप्त्यात तुझ्या मामीनं तुझा बायोडाटा सोयऱ्याधायऱ्यांत फिरवला होता. तिचं मनणं, जायचं तर लगीन करून जा, न्हाई तर तिकडची आणशील अन् मला तिच्याशी इंग्रजीत भांडावं लागंल. आता आपल्याकडं पोरीवाले चौकशी कशी करत्यात ते तुला सांगायला नको. मी पोरीचा चुलता, असं कुणीबी सांगत न्हाई. गिऱ्हाईक होऊन येत्यात, गेटाचा भाव इचारत्यात, जाळी बोटानं हलवून बघत्यात, अन् च्या पिता पिता हळूच काढत्यात की ते पोरगं कोण हो, कसं हाय. फोनवर बी तेच. नाव न्हाई, गाव न्हाई, जरा माहिती पाहिजे होती, एवढंच. अन् अशा टायमाला काय सांगायचं हे मी ठोकर खाऊन शिकलोय. चार वर्सांखाली चंद्रभानच्या धाकट्याची अशीच चौकशी आली. म्या इमानदारीत सांगितलं की पोरगं लय कामाचं हाय, दिवसभर उन्हात राबतंय, हाताला घट्टे पडलेत. झालं. पोरीवाले गेले ते गेलेच. राबणारा जावाई नको मने. चंद्रभाननं मला सहा महिने रामराम घातला न्हाई. तवापासून म्या कानाला खडा लावला. कुणाच्याबी पोराची चौकशी येऊ दे, मी त्याला कामच करू देत न्हाई.

तर त्या बुधवारी दुपारी, तू जेवायला गेल्यावर, फोन आला. माणूस हिंदीत बोलत होता, आवाज लय अदबीचा. आदिनाथ के बारे में जानकारी चाहिए, मनला, बात हमारे बीच रहेगी. मी मनातल्या मनात मनलो, आले पाव्हणे. हिंदीचं नवल वाटलं न्हाई, आपल्यातली बरीच मंडळी हैदराबादेत नोकरीला हायेत. तो कुठून बोलतोय ते त्यानं सांगितलं असंल, पण शेजारी ग्राइंडर चालू होतं, मला धड ऐकू आलं न्हाई. (हे मी आक्कासमोर, धुरपतासमोर अन् देवळात मारुतीसमोर सांगितलेलं हाय.) मी खुर्ची ओढली, टोपी नीट केली अन् सुरू झालो. त्यानं इचारलं, आदिनाथ तुमच्याकडं वेल्डिंग करतो ना? मी मनलो, "तोबा तोबा! हमारा आदिनाथ काम को हात नहीं लगाता. काम गडी लोक करते, ये खाली देखता." त्यानं इचारलं, दिवसाला किती तास? मी मनलो, अकराला येतो, उदबत्ती लावतो अन् जेवायला जातो. मग त्यानं आणखी काय तरी इचारलं, ते ग्राइंडरमुळं समजलं न्हाई, मी आपला सांगत राहिलो. दुकान त्याचंच, पगार कशाचा, घर के बच्चे को पगार देते क्या साहेब? वलिताची जमीन, नळाला पाणी, दाराला जनावर, हे सोडून तो कुठं जातोय? सुपारीचं खांडबी खात न्हाई, हे तर त्यानं इचारलंच नव्हतं.  शेवटी तो माणूस शुक्रिया मनला, अन् म्या त्याला रविवारी बायामाणसांसकट च्या-पाण्याला बोलावून टाकलं.

आता तो रविवार. मामीनं समोरची भिंत रंगवून घेतली, चंद्रभानचा सोफा उचलून आणला, तुला पांढरा शर्ट घालायला लावला. तू मनत होतास, मामा, मी तर जायलोय, हे कशाला? मी मनलो, बस गप. दुपारपासून रस्त्यावर गाडी हळू झाली की मामी पदर सावरून उभी राहायची. चारच्या सुमाराला एक मोटारसायकल खरंच दारात थांबली. मामीनं त्या माणसाला हाताला धरल्यागत आत आणलं, सोफ्यावर बसवलं, भज्याची ताटली दिली, गाव इचारलं, कूळ इचारलं, पोरगी किती शिकली इचारलं. तो माणूस दोन ताटल्या भजे खाऊन मनला, माझं लगीनच व्हायचंय, अन् इथं पंक्चर कुठं निघतंय? तू आत तोंड दाबून हसत होतास. तुझं ते शेवटचं हसणं मी बघितलं. पुढं तीन हप्त्यांनी तुला मेल आला.

तू ट्रॉलीचं काम करत होतास. हातमोजा काढून मोबाईल बघितलास, परत बघितलास, अन् माझ्यासमोर येऊन मराठी करून सांगितलंस. अर्ज नामंजूर. मालकानं स्वतः सांगितलं की हा माणूस वेल्डिंग करत न्हाई. माझ्या तोंडातून एवढंच निघालं की बुधवारी फोन आला तवा ग्राइंडर चालू होतं, मला वाटलं पाव्हणे हायेत. तू ओरडला असतास, दोन शिव्या दिल्या असत्यास, तर मला बरं वाटलं असतं. तू फक्त वेल्डिंगचा होल्डर खुंटीला लावलास, डोळ्यापुढची काळी काच काढून फळीवर ठिवलीस अन् दुसऱ्या दिवशी पुण्याला गेलास. ती ट्रॉली आजून तशीच अर्धी पडलीय. गिऱ्हाईकानं वाट बघून दुसरीकडून घेतली. मी कुणाला तिला हात लावू देत न्हाई. लय वाईट वाटतंय, आदिनाथ. सात वर्सं तू राबलास, अन् जिथं ते सांगायचं होतं नेमकं तिथंच तुझ्या मामानं तुला बिनकामाचा ठरवलं.

असो. पुण्यात जेवणाची आबाळ करू नको. मामीनं भिंतीला सांगितलंय की त्याला लिहा, कुरडया करून ठिवल्यात.

तुझाच, जवळचा असून नसल्यासारखा,
भुजंगमामा

ता. क. : तुझी काळी काच फळीवर तशीच हाय. रोज पुसतो. पाठवू का, राहू देऊ?

आणखी ता. क. : त्या बुधवारी लाईट नव्हती. झरीला बुधवारी दिवसा लाईट नसती, हे तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय. मग ग्राइंडर कशावर चाललं असंल? पहिल्या दोन इचारण्यांना म्या पाव्हणेच समजलो, ही शपथ खरी. तिसऱ्याला तो माणूस स्वच्छ मनला की साहेब, ऑस्ट्रेलियाचा अर्ज हाय, नीट आठवून सांगा, दाखल्यावर सही तुमचीच ना? मला सगळं ऐकू आलं. दुकानात एवढी शांतता होती की बाहेर चंद्रभान खोकला तेबी ऐकू आलं. तिथंच मनता आलं असतं की चूक झाली, पोरगं सोन्यासारखं काम करतंय. पण शटरकडं बघितलं अन् उद्या हे कोण उघडंल एवढंच डोक्यात आलं. पुढचं सगळं, पगाराचं अन् जनावराचं, मी समजून-उमजून बोललो. रविवारी कुणी येणार न्हाई हे ठाऊक असून भिंतीला रंग देऊ दिला. भजेबी खाल्ले. तू त्या दिवशी ओरडला न्हाईस, तवाच मला वाटलं की तुला लाईटचं आठवलं असंल.

शेवटचं ता. क. : परभणीला वकिलाकडं जाऊन स्टॅम्पपेपरवर लिहून दिलंय की मी फोनवर खोटं बोललो अन् दाखल्यातलं अक्षर न् अक्षर खरं हाय. तो कागद सोबत जोडलाय. शिक्का या येळेला सुलटा लागलाय. आक्काकडून कळलं होतं (ती बोलत असतानाची गोष्ट) की तू दिवाळीनंतर परत अर्ज टाकायलास. त्यात माझाच नंबर दे. त्यांचा फोन आला तर तुझे सात वर्सं एकूण एक सांगतो, हाताच्या घट्ट्यासकट. मग तू जा. शटर मी उघडीन. फक्त त्यांच्या आधी एकदा तू फोन कर. बुधवारी दुपारी कर, लाईट नसती, सगळं ऐकू येतं.