तारेने बांधलेला दांडा

दादा,

हे पत्र पाठवणं माझ्याच्याने होणार नाही, तरी लिहितो. तुझा हात गेला त्याला वर्ष झालं. फांद्यांचा भुगा करणाऱ्या त्या मशीनवर आता मी एकटाच असतो. तू शिकवलंस तसा बाजूला उभा राहून फांद्या घालतो.

मालकाला तू सांगितलंस, "चूक माझीच, बाही सैल होती." पण मशीन थांबवायचा दांडा धक्क्याने सारखा पडायचा, काम अडायचं, म्हणून त्या सकाळी मीच तो तारेने बांधला होता.

काल वहिनी भेटली. म्हणाली, "दांडा ओढताना तार दिसली होती त्यांना, भाऊजी. तुमची नोकरी जाऊ नये म्हणून गप्प बसले. तुम्ही एकदाही आला नाहीत, ते मात्र जिव्हारी लागलंय."

संध्याकाळी येऊन तुझी कडी वाजवली. "कोण आहे?" तू आतून विचारलंस. मी आल्या पावली मागे फिरलो.

तुझा धाकटा