बटणांच्या डबीतल्या गोळ्या

१२ जानेवारी

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

हे पत्र भावजींच्या हाती पडू देऊ नकोस. आपली महिन्याची पाहुणी तीन महिने फिरकलेली नाही. दिवस गेलेत म्हणशील, तर तसंही नाही. घरी दोनदा पट्टीवर तपासलं, दवाखान्यातही नाहीच म्हणाले. पण छाती इतकी दुखते की कारखान्यात कापडाचा गठ्ठा कवेत घेता येत नाही. काल मी गणवेशाच्या चाळीस बाह्या उलट्या जोडल्या. मुकादमबाई ओरडल्या, लक्ष कुठे आहे म्हणून.

लक्ष कुठे असणार? आईलाही आधी छातीतच दुखायचं ना? तिने अंगावर काढलं, आणि आपल्याला कळलं तेव्हा उशीर झाला होता. मी रोज आंघोळीला गेले की चाचपून बघते, आणि हात लावायलाही घाबरते. ह्यांना अजून काही बोलले नाही.

तू बटणांच्या डबीतून पाठवतेस त्या गोळ्या चार महिने न चुकता घेतेय. जळजळ, मळमळ तेवढी थांबली, हे तुझे उपकार. थोडा धीर पाठव.

तुझी,
भिंगरी

२० जानेवारी

चि. भिंगरीस अनेक आशीर्वाद.

अगं वेडे, पट्ट्याबिट्ट्यांचं काय घेऊन बसलीस! मला तर गोड बातमीच दिसतेय. आईचं दुखणं निराळं होतं. मन चिंती ते वैरी न चिंती, तशातली गत तुझी.

सोबत तान्ह्या बाळाचा पिवळा स्वेटर पाठवते. मी विणला तेव्हा वाटलं होतं, आमच्याच घरात कामी येईल. जाऊ दे. माझी पाहुणी तर दीड वर्षापूर्वीच कायमची रजेवर गेली, तीही एक्केचाळिसाव्या वर्षी! शेजारीण म्हणाली, लवकर सुटलीस. तिच्यासमोर मी हसले, आणि मग ग्रंथालयात कपाटाआड जाऊन रडले. हे तुलाच सांगतेय.

गोळ्या आणखी घातल्यात. मध्येच बंद करू नकोस. माझ्या पोटाला त्यांनीच सांभाळलंय.

आशीर्वाद आहेतच,
ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न.

स्वेटर बघून ह्यांचा चेहरा असा खुलला की मला गप्प राहवेना. शेवटी सगळं सांगून टाकलं. मग तेच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले.

बाईंनी तपासलं, रक्त घेतलं, सोमवारी छातीची सोनोग्राफी करायची आहे. घरात कोणकोणत्या गोळ्या घेतेस, सगळ्या दाखव म्हणाल्या. मी पिशवीतली डबी पुढे केली तर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. तू पाकिटाचे कात्रीने इतके बारीक तुकडे केलेस की नाव कुठेच उरलेलं नाही! मला विचारलं, कसल्या गोळ्या आहेत. मी म्हणाले, ताईच्या. काय लाज वाटली म्हणून सांगू. गोळीचं नाव ताबडतोब कळव.

ताई, मी फार घाबरलेय. सोमवार येऊच नये असं वाटतंय.

भिंगरी

७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

नाव वेगळ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, अख्खं पाकीटही घातलंय. डबीत मावाव्यात म्हणून पाकिटं कापली गं! दिवसभर पुस्तकांना नावाच्या चिठ्ठ्या लावणारी मी, आणि बहिणीला बिननावाच्या गोळ्या पाठवल्या. तुला माझ्यामुळे काही झालं असेल तर वर गेल्यावर आईला काय तोंड दाखवू? घास उतरत नाही. आधी त्या गोळ्या बंद कर. उलट टपाली कळव.

ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

आधी जेव, मग पुढचं वाच. गाठ नाही. सोनोग्राफी स्वच्छ आहे.

रक्तात मात्र एक संप्रेरक फार वाढलेलं निघालं, बाळंतिणीला दूध आणतं ते. पोटात मूल नसतानाही ते वाढलं तर पाळी थांबते, छाती दुखते. मळमळीच्या काही गोळ्या रोज घेत राहिलं तर असं होतं, आणि तुझी गोळी त्यातलीच निघाली. थायरॉइड वगैरे इतर कारणंही बाईंनी तपासली, त्यातलं काही नाही. गोळ्या बंद केल्यात, महिन्याने पुन्हा रक्त द्यायचंय. दुखणं एवढ्यातच बरंच उतरलंय. मुकादमबाईंना सरळ बाह्या बघून चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

पण परतताना मला एकाएकी तुझं पत्र आठवलं आणि रस्त्यातच पाय थांबले. ताई, पाहुणी दीड वर्षापूर्वी गेली म्हणालीस. तू त्या गोळ्या कधीपासून घेतेस?

स्वेटर परत पाठवतेय. तो तुझाच आहे. रागावू नकोस.

भिंगरी

२५ फेब्रुवारी

चि. भिंगरीस आशीर्वाद.

दोन वर्षं.

डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्याच लिहून दिल्या होत्या. बरं वाटलं म्हणून मी दुकानातून आणतच राहिले. पाळी गेली तेव्हा वय झालं म्हणून कुणाला विचारलंही नाही.

तुझ्या भावजींना पत्र वाचायला दिलं. त्यांनी लगेच उद्याची रजा टाकली. उद्या अकराला डॉक्टरांकडे आमचा नंबर आहे. वय खरंच झालंय की पाळी गोळ्यांनीच थांबली, ते तेच सांगतील. तुझ्या दुखण्यालाही मी इतकी घाबरले नव्हते.

स्वेटरचं पुडकं मिळालं. अजून दोरा सोडलेला नाही, हात होत नाही. उद्या घरी आल्यावर बघू.

लोभ असू दे,
ताई