बोलका डबा आणि बाईंचा रिकामा वर्ग

बाई, ऐन उन्हाळ्यात मी तुम्हाला धनकवडीच्या घरातला पंखा बंद करायला लावला होता. त्याची घरघर रेकॉर्डिंगमध्ये येत होती. तुम्ही पदराने घाम पुसत वाचताय, "पाणी उकळून गार करा, मग त्यात मीठ-साखर घाला." मध्येच शेजारचा कुकर शिट्टी देतो आणि तुम्ही म्हणता, "घ्या, त्यांनाही बोलायचंय."

मला चौथीत तुम्ही शिकवलंत. निवृत्तीनंतर कात्रजच्या समाजमंदिरात बायकांना लिहायला-वाचायला शिकवत होतात. मी तेव्हा आयटीत नवी होते. आमच्या कंपनीने वाचता न येणाऱ्यांसाठी स्वस्तातला एक डबा बनवला होता. वर चित्रांचा जाड कागद, चित्रावर बोट दाबलं की आतून आवाज यायचा. त्या आवाजासाठी मी तुमचं नाव सुचवलं आणि पहिले डबे तुमच्याच वर्गात वाटले.

महिन्याभरात वर्ग ओस पडला. एकजण तेवढी सांगायला आली, हसत म्हणाली, "डब्यातनं तुमीच बोलताय की बाई. आता अक्षरं कशाला गिरवायची?" ती गेल्यावर तुम्ही माझ्याकडे वळलात. "माझ्याच आवाजाने माझा वर्ग बंद पाडलास. हुशार आहेस हं."

पुढे कंपनीने दुसरं काम धरलं. पावसाळ्यात कागद फुगले, बटणं अडकली, दुरुस्तीला कुणी फिरकलं नाही. तीच हसणारी एका दुपारी पोराच्या औषधाची बाटली घेऊन तुमच्या दारात आली. "डबा मुका झालाय बाई. ह्यावर काय लिवलंय?" तुम्ही वाचून दाखवलंत आणि तिथेच तिच्या हातात पाटी दिलीत. हे सगळं तुम्ही मला फोनवर सांगितलंत. मग म्हणालात, "वर्ग परत सुरू करतेय. शनिवारी येत जाशील का गं? मला आता फार वेळ उभं राहवत नाही."

"येते," मी म्हणाले. एकदाही आले नाही. दिवाळीच्या आत तुम्ही गेलात. तुमच्या दिवसांना तीच मला भेटली. आता बाटलीवरचं स्वतः वाचते म्हणाली.

हे मी पाठवणार तरी कुठे? शनिवारी आले नाही याची माफी मनात कितीदा तरी मागून झालीय. त्याआधीचं मात्र कुणालाच सांगितलेलं नाही. वर्ग ओस पडला त्या संध्याकाळी तुम्ही एकट्याच सतरंजीची घडी घालत होतात, आणि डबा चालला हे ऑफिसला कळवायला मी आनंदाने पीसीओ शोधत होते.